फाइलीला चिकटलेल्या छुप्या स्ट्रीम्स: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचा फाइल सर्व्हर विंडोजचा आहे. 'शेअरवरच्या अल्टरनेट डेटा स्ट्रीम्स बंद करा' असा शेरा ऑडिटमध्ये आलाय. हे सेटिंग कुठे असतं?

असं सेटिंगच नाही. एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या डिस्कवर फाइली साठवायच्या पद्धतीत) फाइलीचा नेहमीचा मजकूर हीसुद्धा एक स्ट्रीमच असते. तिच्या जोडीला वेगळ्या नावाच्या आणखी स्ट्रीम्स ठेवता येतात. १९९३ साली विंडोज एनटी ३.१ बरोबर ही रचना आली. मॅकच्या फाइलींचा रिसोर्स फोर्क (फाइलीसोबतचा वेगळा जोडभाग) सांभाळता यावा, हा तिचा एक हेतू होता. ती बंद करता येत नाही, हे ऑडिटला लेखी कळवा आणि सोबत तपासणीचा अहवाल जोडा.

कमांड प्रॉम्प्टवर 'डिर /आर' दिलं की 'बिल.पीडीएफ'च्या खाली 'बिल.पीडीएफ:झोन.आयडेंटिफायर:$डेटा' अशी ओळ दिसते; फाइल इंटरनेटवरून आल्याची खूण ठेवणारी ही स्ट्रीम. एक्सप्लोररमध्ये दिसणाऱ्या आकारात हा भाग धरलेला नसतो. अख्खा शेअर (नेटवर्कवर वाटलेला फोल्डर) तपासायला मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स या साधनसंचातलं 'स्ट्रीम्स' वापरा. त्याचा स्ट्रीम्स पुसणारा '-डी' पर्याय मात्र डोळे झाकून चालवू नका: सर्व्हरच्या फाइल वर्गीकरणाची लेबलंही स्ट्रीममध्येच राहतात, तीही पुसली जातील.

प्रश्न: शेअरवरच्या एक्सेल फाइलींचे मॅक्रो (फाइलीतच लिहिलेले छोटे प्रोग्राम) अडतात, लोक वैतागलेत. झोन.आयडेंटिफायर सरसकट उडवू का?

कृपा करून नको. फाइल इंटरनेटवरून आली आहे, एवढं सांगणारी ती एकमेव खूण आहे. आत 'झोनआयडी=३' अशी साधी ओळ असते. २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून विंडोज ती लावतं, आणि २०२२ पासून ऑफिस तिच्याच आधारावर मॅक्रो अडवतं. खोट्या बिलाची एक्सेल कुणी ईमेलमधून उतरवून शेअरवर टाकली, तर उघडणाऱ्या पुढच्या माणसाला याच खुणेमुळे इशारा मिळतो.

मुळात अडथळा खुणेमुळेच येतोय का, ते आधी बघा. ड्राइव्ह '\\१९२.१६८.१.१०' अशा आयपी पत्त्याने जोडली असेल, तर विंडोज त्या जागेलाच इंटरनेट समजतं. मग खूण पुसून काहीच फरक पडत नाही. सर्व्हरच्या छोट्या नावाने ड्राइव्ह जोडा, किंवा ग्रुप पॉलिसीतल्या (सगळ्या संगणकांना एकदम लागू होणाऱ्या सेटिंग्जमधल्या) 'साइट टू झोन असाइनमेंट लिस्ट'मध्ये सर्व्हर लोकल इंट्रानेट म्हणून नोंदवा. खात्रीच्या मोजक्या फाइलींसाठी पॉवरशेलचं 'अनब्लॉक-फाइल' पुरतं.

प्रश्न: आमचा सर्व्हर लिनक्सवर सांबाचा आहे. तिथे तरी बंद होतील ना?

हो. सांबात (लिनक्सवरून विंडोजला फाइली वाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्ट्रीम्स 'स्ट्रीम्स_एक्सॲटर' मॉड्यूलमुळे चालतात. सांबाच्या सेटिंग फाइलीतल्या 'व्हीएफएस ऑब्जेक्ट्स'च्या ओळीतून ते काढलं की नव्या स्ट्रीम्स लिहिल्या जात नाहीत. जुन्या मात्र 'युजर.डॉसस्ट्रीम' नावाने एक्स्टेंडेड ॲट्रिब्यूटमध्ये (फाइलीला जोडलेल्या जादा नोंदींत) पडून राहतात, फक्त विंडोजला दिसेनाशा होतात. ऑफिसात मॅक असतील तर मॅकशी जुळवून घेणाऱ्या 'फ्रूट' मॉड्यूलला हेच मॉड्यूल लागतं. ते नसलं की मॅक प्रत्येक फोल्डरात '._' ने सुरू होणाऱ्या फाइली टाकू लागतो. आणि वर म्हटलेली खूणही शेअरवर येताच गळते. माझं मत विचाराल तर मॉड्यूल राहू द्या.

प्रश्न: बाहेर द्यायच्या प्रतीत स्ट्रीम्स जाऊ नयेत, यासाठी काय करावं?

एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर त्या जातच नाहीत. रोबोकॉपी (विंडोजची फाइली कॉपी करायची कमांड) वापरत असाल तर '/कॉपी:डीएटीएक्स' द्या. 'एक्स' म्हणजे स्ट्रीम्स वगळा. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांतल्या रोबोकॉपीत हे अक्षर नाही, म्हणून आधी 'रोबोकॉपी /?' देऊन यादीत ते आहे का बघा.