सातव्या महिन्यात डॉक्टर बदलू का, आणि विम्याचं काय करू?

प्रश्न: ताई, मी पुण्यात आयटीत आहे, पहिलंच बाळंतपण, २२वा आठवडा चालू आहे, ड्यू डेट मार्चअखेर. गेल्या आठवड्यात एचआरने बोलावून सांगितलं की प्रोजेक्ट बंद होतोय, १५ डिसेंबर शेवटचा दिवस, आणि तुम्हीच राजीनामा टाकलात तर रिलीव्हिंग लेटर चांगलं मिळेल. कंपनीचा मेडिक्लेम त्याच दिवशी संपतो. नवऱ्याच्या कंपनीत ग्रुप पॉलिसी आहे पण माझा वेगळा मेडिक्लेम होता म्हणून त्याने माझं नाव कधी घातलंच नाही, ती जानेवारीत रिन्यू होते, मॅटर्निटीला ५० हजारांची लिमिट आहे. एक एजंट म्हणतोय नवीन पॉलिसी लगेच काढून देतो, फक्त फॉर्मवर प्रेग्नन्सीचं लिहू नका. त्यात इथल्या डॉक्टर काहीही विचारलं की "नेटवर वाचू नका" एवढंच म्हणतात. आई म्हणते नाशिकला ये, सासूबाई म्हणतात एवढं मोठं हॉस्पिटल सोडून कशाला जातेस. माझा ब्लड ग्रुप बी निगेटिव्ह आहे, फाईल मागायलाही लाज वाटते, रात्र रात्र झोप येत नाही. काय करू? – नाशिकची लेक

उत्तर:

अगं, सगळ्यात आधी एक कर, राजीनामा टाकू नकोस. तू विम्याबद्दल विचारलंयस आणि राजीनाम्याचं एका ओळीत उरकलंयस, पण तुझ्या पत्रात सगळ्यात मोठी रक्कम त्याच ओळीत आहे. मातृत्व लाभाचा हक्क कायद्याने १९६१ पासून आहे, २०१७ मध्ये त्यात सुधारणा होऊन पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा झाली, आणि अट एवढीच की ड्यू डेटच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या कंपनीत किमान ८० दिवस काम केलेलं असावं, ते तुझं कधीच झालंय. गरोदरपणात कंपनीने बाईला कामावरून काढलं तरी तिचा हा हक्क बुडत नाही असं कायद्यातच स्पष्ट आहे, गंभीर गैरवर्तन असेल तर गोष्ट वेगळी, आणि तुझ्यावर तसा काही आरोपच नाही. पण तू "वैयक्तिक कारणाने" म्हणून स्वतःच राजीनामा लिहून दिलास की उद्या कंपनी म्हणणार, आम्ही कुठे काढलं, बाई स्वतः गेल्या. मला वाटतं म्हणूनच ते तुझ्याकडून राजीनामा मागतायत आणि मला याचा खरंच राग येतोय. तेव्हा त्यांना मेल टाक की मी २२ आठवड्यांची गरोदर आहे, मी राजीनामा देत नाहीये, तुमचा जो निर्णय असेल तो आणि माझ्या मातृत्व लाभाबद्दल तुमचं म्हणणं लेखी कळवा. तोंडी काही बोलणं झालं तर घरी येऊन लगेच "आज आपलं असं बोलणं झालं" म्हणून मेल करून ठेव. आणि कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला तासभर भेट, ती फी वाया जाणार नाही.

त्याच मेलमध्ये शेवटचा दिवस ३१ डिसेंबर करून मागायचा. का ते सांगते, तुझ्या कंपनीचा मेडिक्लेम तोवर चालू राहतो. नवऱ्याची पॉलिसी जानेवारीत रिन्यू होते असं तू सहज लिहून गेलीस, पण तुझ्या विम्याचा प्रश्न तिथेच सुटतो गं! ग्रुप पॉलिसीत बायकोचं नाव सहसा मधेच घालून देत नाहीत, एकतर नोकरीला लागताना, नाहीतर लग्न झाल्यावर ठरलेल्या मुदतीत, नाहीतर रिन्यूअलच्या वेळी. तुझं बाळ मार्चअखेर येणार, रिन्यूअल जानेवारीत, म्हणजे तू बाळंतपणाच्या बरीच आधी आत येतेस. फक्त नवऱ्याने आजच त्याच्या एचआरला विचारायला हवं की रिन्यूअलची नेमकी तारीख कुठली, नाव घालायची विंडो कधी उघडते आणि कधी बंद होते (ती बऱ्याचदा रिन्यूअलच्या आधीच असते आणि तो मेल पन्नास मेलमध्ये हरवतो), आणि मॅटर्निटीला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, की नऊ महिन्यांचा वेटिंग पिरियड आहे, म्हणजे तेवढा काळ बाळंतपणाचे पैसे मिळत नाहीत. बऱ्याच कंपन्यांनी ग्रुप पॉलिसीत हा वेटिंग पिरियड काढून टाकून घेतलेला असतो, पण "बहुतेक असेल" यावर राहू नका, उत्तर मेलवर घ्या. बायकोची नोकरी जातेय म्हणून मधेच नाव घालता येईल का हेही विचारा, कधी कधी होतं.

एजंटचं मात्र अजिबात ऐकू नकोस. बाजारातल्या वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपणाला वेटिंग पिरियड असतोच, कुठे नऊ महिने, कुठे दोन-तीन वर्षं, त्यामुळे आज काढलेली पॉलिसी तुझ्या मार्चच्या बाळंतपणाला काहीच देणार नाही. वर फॉर्मवर गरोदरपण लपवलं तर पुढे दुसऱ्याच कुठल्या आजाराचा क्लेमही "माहिती लपवली" म्हणून नाकारतील, पॉलिसीच रद्द करू शकतात, आणि तेव्हा हा एजंट फोनसुद्धा उचलणार नाही. दोघांसाठी स्वतःची पॉलिसी जरूर काढा, सगळं खरं लिहून, पण ती पुढच्या आयुष्यासाठी. आणखी एक, नोकरी सुटताना कंपनीच्या ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, त्याला मायग्रेशन म्हणतात, आधीची वर्षं त्यात धरली जातात. द्यायची की नाही हे विमा कंपनी तपासून ठरवते आणि बाळंतपणाला त्याचा उपयोग होईलच असं नाही, पण अर्ज वेळेत करावा लागतो म्हणून एचआरला आत्ताच विचारून ठेव.

आता ५० हजारांचं. ग्रुप पॉलिसीत मॅटर्निटीची लिमिट अशीच असते, सिझेरियनला थोडी जास्त, आणि सोनोग्राफी, तपासण्या, ओपीडीची फी बहुतेक वेळा स्वतःच्याच खिशातून जाते. म्हणून या रकमेसाठी हॉस्पिटल निवडायचं नाही. त्यापेक्षा मोठा प्रश्न बाळाचा आहे. बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, आणि असेल तर ते या ५० हजारांतच बसवलंय की पॉलिसीच्या पूर्ण रकमेपर्यंत? बाळ लवकर आलं, किंवा कावीळ वाढली, श्वासाचा त्रास झाला आणि एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं तर बिल दिवसाला हजारोंनी वाढतं, आणि घराची खरी ओढाताण तिथे होते, डिलिव्हरीच्या बिलात नाही. हा एक प्रश्न नवऱ्याला मेलमध्ये वेगळा लिहायला सांग. बाळ झाल्यावर त्याचं नाव कळवायची मुदत असते, साधारण ३० दिवसांची, बारशाची वाट बघत बसू नका, "बेबी ऑफ अमुक" म्हणूनही नाव घालता येतं.

आता डॉक्टर. माझं मत सरळ आहे, ज्या डॉक्टरला प्रश्न विचारायला भीती वाटते तिच्याकडे प्रसूतीच्या टेबलावर जायचं नाही, हॉस्पिटल कितीही मोठं असलं तरी. आणि तू तर काही जगावेगळं करत नाहीयेस, पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाणं आपल्याकडे एवढं नेहमीचं आहे की पुण्यातल्या प्रत्येक गायनॅकने शेकडो मुलींना फाईल बांधून दिलेली असेल. भांडण नाही, कारण द्यायला नको, नुसतं म्हणायचं, "मॅडम, बाळंतपणाला नाशिकला जातेय, सगळे रिपोर्ट आणि एक रेफरल लेटर द्याल का?" लाज कसली त्यात! आपली कागदपत्रं मागितली तर डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यावीत असा मेडिकल कौन्सिलचा नियमच आहे. फाईल हातात आली की तिथेच बसून बघ: पहिली डेटिंगची सोनोग्राफी (ड्यू डेट तिच्यावरूनच पक्की होते, म्हणून तो कागद सगळ्यात महत्त्वाचा), एनटी स्कॅन, डबल मार्कर, अॅनोमली स्कॅन, थायरॉइड, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिमोग्लोबिन, कुठलं इंजेक्शन कधी दिलं ते. सगळ्याचे फोटो काढून नवऱ्याच्या आणि आईच्या फोनवर टाकून ठेव.

पण तुझ्या बाबतीत एक गोष्ट या बदलाबदलीत निसटायची मला खरी काळजी आहे. तू बी निगेटिव्ह आहेस. नवरा पॉझिटिव्ह असेल तर बाळही पॉझिटिव्ह असू शकतं, आणि बाळाचं थोडं रक्त तुझ्या रक्तात मिसळलं तर तुझं शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, जिचा त्रास जास्त करून पुढच्या बाळाला होतो. ती अँटीबॉडी आधीच झालीय का हे बघायला इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट करतात आणि ती निगेटिव्ह असेल तर अँटीबॉडी होऊ नये म्हणून २८ आठवड्यांच्या सुमारास अँटी-डी इंजेक्शन देतात, परत बाळंतपणानंतर बाळ पॉझिटिव्ह निघालं तर ७२ तासांच्या आत दुसरं. आता हिशेब कर, तुझा २८वा आठवडा जानेवारीच्या सुरुवातीला येतोय, म्हणजे नेमका तेव्हा जेव्हा नोकरी संपलेली, पॉलिसी बदलतेय, पुण्याच्या डॉक्टर म्हणतील आता नाशिकलाच घ्या आणि नाशिकच्या म्हणतील पुण्यातच घेतलं असेल ना! दोघींच्या मधे हे इंजेक्शन राहून जातं. म्हणून कोण देणार, कुठल्या तारखेला, हे आत्ताच ठरवून कॅलेंडरवर लिही, आणि मध्ये पोटाला मार बसला किंवा अंगावरून लाल गेलं तर तारखेची वाट न बघता सरळ हॉस्पिटलला जा. साखरेची टेस्टही २४ ते २८ आठवड्यांत करतात, ती पुण्यातच उरकून घे.

नाशिकला डिसेंबरमध्येच एक फेरी मार आणि डॉक्टरांना भेटून ये, नाव नोंदव. भेटीत हे विचार की रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर स्वतः येणार की दुसरं कोणी, भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात, बाळांचे डॉक्टर प्रसूतीच्या वेळी हजर असतात का, एनआयसीयू तिथेच आहे की बाळाला दुसरीकडे हलवावं लागेल, आणि बी निगेटिव्ह रक्त जवळच्या कुठल्या रक्तपेढीत मिळतं. उत्तर देताना त्यांच्या कपाळावर आठी पडते का बघ, तेवढ्यात कळतं सगळं. खाली बिलिंगच्या खिडकीवर पॅकेजमध्ये काय काय धरलंय ते विचार, आणि नवऱ्याच्या पॉलिसीचा टीपीए (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी संस्था) त्यांच्याकडे चालतो का ते. हॉस्पिटल विमा कंपनीच्या नेटवर्कमध्ये नसेल तरी बिल थेट विमा कंपनीने भरायची कॅशलेस एव्हरीव्हेअरची सोय २०२४ पासून सुरू झालीय, ठरवून भरती व्हायचं असेल तर विमा कंपनीला ४८ तास आधी कळवावं लागतं, हॉस्पिटल तयार हवं. नाहीच जमलं तर पैसे भरून मागून रिइम्बर्समेंट, म्हणजे डिस्चार्ज कार्ड, प्रत्येक बिल, प्रत्येक पावती ओरिजिनल जपायची. तेवढे पैसे हाताशी ठेवा.

सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण झालं की निघायला हरकत नाही, जानेवारीचा मध्य चांगला, त्याहून फार उशीर नको. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये भरल्या दिवसांनी तासन् तास अडकणं नको गं. निघायच्या आधी प्रवासाला चालेल का हे डॉक्टरांना विचार, गाडी दर तासा-दीड तासाने थांबवून उतर, थोडं चाल, फाईल डिकीत नाही, मांडीवर.

सासूबाईंशी तू बोलू नकोस, नवऱ्याला बोलू दे, त्याची आई आहे. त्यांना हॉस्पिटलच्या आकाराची काळजी वाटतेय म्हणजे त्यांना तुझीच काळजी वाटतेय, तेव्हा नाशिकच्या डॉक्टरांनी दिलेली उत्तरं त्यांना जशीच्या तशी सांगा, एनआयसीयूचं, रक्तपेढीचं, आणि शक्य असेल तर डिसेंबरच्या फेरीला त्यांनाच सोबत घेऊन जा. आणि झोपेचं म्हणशील तर पुढचे दोन आठवडे रात्री उठून फोनवर पॉलिसी वाचायची नाही, ते काम नवऱ्याचं. एवढं करूनही झोप लागत नसेल, सारखं रडू येत असेल, तर ते नाशिकच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांग, मनाचे डॉक्टर गरोदरपणातही मदत करतात आणि त्यात लपवण्यासारखं काहीही नाही. तुझ्या एचआरचं उत्तर आलं की मला लिही, त्यांनी काय शब्द वापरलेत ते मला बघायचंय.