मलाक्का-पिनांगला न्योन्या जेवण मागवताना

तुमचा प्रश्न असा: मलेशियात मलाक्कात दोन रात्री, पिनांगला तीन. तुम्ही दोघं मासे-चिकन खाता, डुक्कर आणि गोमांस नको. सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. आणि न्योन्या जेवण म्हणजे शेवटी चायनीजच ना, मग त्यासाठी मुद्दाम वाट वाकडी करायची का?

जरूर करा. फक्त चायनीज समजून जाऊ नका, नाहीतर मेनूकार्डावर ओळखीचं काहीतरी शोधाल आणि फ्राइड राइस खाऊन उठाल. मलाक्का, पिनांग, सिंगापूर या बंदरांत आलेले चिनी व्यापारी, त्यांतले बरेचसे हॉकियन ही चिनी बोली बोलणारे, तिथेच राहिले आणि स्थानिक बायकांशी त्यांचे संसार झाले. त्यांच्या वंशजांना पेरानाकान म्हणतात. पुरुष तो बाबा, बाई ती न्योन्या. चूल बाईच्या हातात, म्हणून जेवणाला नाव तिचं. जिन्नस निम्मे चिनी (आंबवलेल्या सोयाबीनचं तौचू, वाळवलेले मशरूम, डुकराचं मांस), पण बांधणी मलय: नारळाचं दूध, चिंच आणि वाटण. चॉपस्टिक्स मागू नका. हे जेवण हाताने किंवा काट्या-चमच्याने, भाताबरोबर जेवायचं असतं.

जीव सगळा वाटणात. त्याला रेम्पा म्हणतात. गवती चहाचा खालचा पांढरा दांडा, लेंगकुआस (आल्यासारखा दिसणारा, पण वासाला तिखट-कापरासारखा कंद), ओली हळद, सुक्या मिरच्या, छोटे कांदे, लसूण, दाटपणासाठी बुआह केरास नावाची तेलकट बी, आणि ब्लाचान. जुन्या घरांत हे दगडी 'बाटू गिलिंग'वर वाटायचे. तो आपल्या पाटा-वरवंट्याचाच भाऊ. खलबत्त्यात कांडताना आधी धागेदार आणि कडक जिन्नस, मग बी आणि मिरच्या, कांदा सगळ्यात शेवटी. कांदा आधी पडला की पाणी सुटतं, बाकीचं निसटत राहतं आणि गवती चहाचे धागे तसेच उरतात. मग मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं, तेल सुटेपर्यंत परतायचं. रस्सा समोर आला की कडेला बघा: लालसर तेलाची रेघ दिसली आणि जिभेला धागा लागला नाही, तर स्वयंपाकघरात घाई झालेली नाही. कच्च्या लेंगकुआसचा औषधी वास आला तर वाटण नीट परतलेलं नाही.

आता सासूबाईंचा मुद्दा, कारण खरी अडचण इथेच आहे. ब्लाचान म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मीठ लावून, आंबवून, कुटून केलेली वडी. ती वाटणातच असते. 'भाजी द्या' म्हटलं की हमखास समोर येते ब्लाचानमध्ये परतलेली कांगकुंग ही पालेभाजी. वांग्याच्या सांबालमध्ये (मिरचीच्या वाटणातल्या वांग्यात) सुकी कोळंबी, मिश्र भाज्यांच्या चाप चायमध्ये सुकी कोळंबी किंवा डुकराच्या मांसाचे तुकडे, नारळाच्या दुधातल्या लोडे या रस्साभाजीतही तेच वाटण. वाटण सकाळीच तयार होऊन डब्यात बसलेलं असतं, त्यातून ब्लाचान कोणी काढून देऊ शकत नाही. म्हणून 'व्हेज आहे का' हा प्रश्नच कुचकामी. 'नुसत्या लसणावर परतलेली भाजी किंवा टोफू द्या' असं ठोस मागा आणि सोबत ही वाक्यं म्हणा: 'तक माऊ ब्लाचान' (ब्लाचान नको), 'तक माऊ उदांग केरिंग' (सुकी कोळंबी नको), 'तक माऊ सोस तिराम' (ऑयस्टर सॉस नको), 'तक माऊ तेलूर' (अंडं नको). एवढं करूनही कढई तीच असते. सासूबाईंना ते चालणार नसेल तर न्योन्या हॉटेलात त्यांना फक्त पांढरा भात आणि गोड पदार्थ मिळतील, हे आधीच सांगून ठेवा आणि त्यांच्या जेवणाची सोय वेगळी करा. दोन्ही शहरांत लिटल इंडिया आहे आणि केळीच्या पानावरचं शाकाहारी जेवण मिळतं. चिनी बौद्ध शाकाहारी खाणावळीही आहेत. तिथे कांदा-लसूणही नसतो. पण त्यांत सोया-गव्हाच्या पिठाचे 'मासे' आणि 'मांस' अगदी हुबेहूब दिसतात, ताट समोर येण्याआधी सासूबाईंना हे सांगितलेलं बरं. काही ठिकाणी अंडं असतं, ते विचारा. चिनी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथे गर्दी असते आणि पदार्थही जास्त असतात.

तुमच्या दोघांसाठी: 'बाबी' म्हणजे डुक्कर. हॉकियनमध्ये 'बाक' म्हणजे मांस, आणि व्यवहारात ते डुकराचंच. तेव्हा हाँग बाक, ताऊ यू बाक, लोर बाक ही नावं दिसली की पुढे सरका. नावात काही नसलं तरी सारणात खिमा असू शकतो, ते विचारायचं. 'नो पोर्क' ही पाटी आणि हलाल प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला पहिलं पुरेसं आहे. गोमांसाची धास्ती न्योन्या जेवणात फारशी नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला असेल तर आचार (लोणचं), रोजाक (फळांची कोशिंबीर) आणि पोपिया (भाज्यांची गुंडाळी) टाळा.

मलाक्का आणि पिनांग ही एकाच जेवणाची दोन दुकानं नाहीत, हे लक्षात ठेवून मागवा. मलाक्काचा हात गोडसर, नारळाच्या दुधाचा, इंडोनेशियाकडे झुकलेला. पिनांग सयामच्या (थायलंडच्या) शेजारचं, म्हणून आंबट, तिखट, कच्च्या पाल्याचं. एकाची खासियत दुसरीकडे मागितली तर पदार्थ येईलही, पण मन लावून केलेला नसेल.

मलाक्कात एकच पदार्थ खायचा असेल तर आयाम बुआह क्लुआक. बुआह क्लुआक हे कठीण काळ्या कवचाचं बी. ताजं असताना त्यात सायनाइड असतं, म्हणून ते उकडून, राखेत-मातीत सुमारे चाळीस दिवस पुरून ठेवतात. तेव्हा आतला पांढरा गर काळा होतो. स्वयंपाकघरात आल्यावर तीन ते पाच दिवस रोज पाणी बदलत भिजवायचं, ब्रशने घासायचं, टोकाकडच्या गुळगुळीत भागावर बत्त्याने हळूच ठोकून तोंड उघडायचं, गर कोरून काढायचा, खराब निघालेलं बी फेकायचं. तो गर मीठ-साखर आणि कोळंबी किंवा डुकराच्या खिम्याबरोबर कांडून परत कवचात भरतात आणि चिकनसोबत चिंचेच्या रश्शात शिजवतात. तुम्ही एवढंच विचारा: भरणात काय आहे? चिकन किंवा कोळंबी असेल तर घ्या.

ताटात बी नग मोजून येतात. सोबत लहान, निमुळता चमचा असतो. बी डाव्या हाताने धरायचं, चमच्याने गर खरवडून भातावर घ्यायचा आणि वर रस्सा. रंग डांबरासारखा काळा. चव कडू चॉकलेट, काळे ऑलिव्ह आणि ओल्या मातीच्या मधली. पहिल्या घासाला विचित्र वाटेल. नुसता गर खाऊ नका, भात आणि आंबट रश्शाशिवाय तो बसत नाही. रस्सा गोड लागला किंवा गर कोरडा, भुरभुरीत निघाला तर पदार्थ चुकलाय.

त्याच्या जोडीला उदांग लमाक नानास (अननस घातलेली, नारळाच्या दुधातली कोळंबी) आणि चिंचालोकचं ऑम्लेट. चिंचालोक म्हणजे ताजा जवळा मीठ-भात घालून बाटलीत आंबवलेला. सुकटीवर वाढलेल्या माणसाला तो लगेच आवडतो. तिखट नको असेल तर आयाम पोंगतेह: तौचू, गुला मलाका (माडाचा गूळ), बटाटे, मशरूम, मिरची नावालाही नाही. मूळ पदार्थ डुकराचा, म्हणून 'आयाम' (चिकन) हा शब्द स्पष्ट उच्चारा. दोघांना तीन पदार्थ आणि भात पुष्कळ होतात. एक नारळाचा, एक आंबट, एक सौम्य, असं घ्या. तीनही नारळाच्या दुधातले घेतलेत तर चौथ्या घासाला जेवण जड होतं.

गोव्याशी नातं असलेल्यांसाठी इथे थोडं थांबावंसं वाटतं. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि 1511 मध्ये मलाक्का. मलाक्कातल्या उजोंग पासिरला त्या पोर्तुगीज वंशाच्या क्रिस्तांग लोकांची वस्ती आहे. त्यांच्या देबाल करीत व्हिनेगर आणि लाल मिरची आहे, विंदालूची आठवण येणारच. तीही मलाक्कातच खा. मात्र त्यात डुक्कर आहे का ते विचारून.

पिनांगला ओताक-ओताक मागवा. नावाचा अर्थ मेंदू, पण आत मासाच असतो: नारळाचं दूध, अंडं आणि वाटण मिसळून केळीच्या पानात वाफवलेला. तळाशी विड्याच्या पानाच्या कुळातलं कडसर कादुक पान असतं, ते काढून टाकू नका. पान उघडल्यावर मासा खरवसासारखा थरथरला पाहिजे. भोकं-भोकं पडून पाणी सुटलं असेल तर वाफ जास्त झाली. दक्षिणेकडे मुआरचा ओताक-ओताक निखाऱ्यावर भाजलेला असतो. तो वेगळा पदार्थ आहे, तुलना करू नका. सोबत नासी उलाम घ्या: गार भातात केसासारखा बारीक चिरलेला कच्चा पाला, भाजलेलं खोबरं, सुकी कोळंबी, खारा मासा. पाला जाड चिरला तर कडवटपणा वर येतो.

आसाम लाक्सा, म्हणजे माशाच्या आंबट रश्शातले नूडल्स, हॉटेलात नव्हे, टपरीवर. त्यातला इकान केम्बुंग म्हणजे बांगडाच, उकडून कुस्करलेला. आंबटपणाला चिंच आणि आसाम गेलुगोरच्या वाळवलेल्या चकत्या. हे फळ आपल्या कोकमाच्याच कुळातलं. वर अननस, काकडी, पुदिना, बुंगा कांतान फुलाची कळी. शेजारी चमच्यात काळी, चिकट हे-को येते. ती कोळंबीचीच, गोड-खारट. एकदम ढवळू नका, आधी रस्सा चाखा आणि मग थोडी थोडी मिसळा. मलाक्कातला न्योन्या लाक्सा नारळाच्या दुधाचा, त्याचा याच्याशी नावापुरता संबंध.

कुए, म्हणजे वाफवलेले गोड पदार्थ, सकाळीच खा. तांदूळ आणि नारळाच्या दुधाचे असल्याने उकाड्यात संध्याकाळपर्यंत आंबतात आणि फ्रिजमध्ये ठेवले की गार मोदकासारखे दगड होतात. सासूबाईंसाठी ओंदे-ओंदे, कुए लापिस, कुए कोसुई: यांत सहसा अंडं नसतं, तरी विचारून घ्या. सरी मुकाच्या हिरव्या थरात अंडं असतं, काया जॅममध्येही असतं. रेम्पा उदांगमध्ये कोळंबी. पुलुत ताय-ताय या चिकट भाताच्या वड्यांचा निळा रंग आपल्या गोकर्णीच्या फुलांचा. निळे-पांढरे ढग उमटलेले असतील तर फुलाचा, एकसारखा गडद निळा असेल तर बाटलीतला. ओंदे-ओंदे अख्खा तोंडात टाकून ओठ मिटून चावायचा, कारण आत वितळलेला गूळ असतो आणि अर्धा चावलात तर समोरच्याच्या शर्टावर जातो.

न्योन्या हॉटेलं दुपारी तीननंतर संध्याकाळपर्यंत बंद असतात, आठवड्यात एक सुट्टी असते (बरेचदा मंगळवार-बुधवार), आणि चिनी नववर्षाच्या आठवड्यात भरवसा नाही. आधी फोन करा आणि क्लुआक त्या दिवशी आहे का तेही विचारा, कारण तो लवकर संपतो. मलाक्कातला जाँकर स्ट्रीटचा रात्रीचा बाजार शुक्रवार ते रविवारच भरतो.

घरी आणायचं तर गुला मलाका आणा. नळकांड्याच्या आकारात मिळतो. चांगला असेल तर नखाने खरवडता येतो आणि धुरकट वास येतो. साखर मिसळलेला कडक आणि नुसता गोड. वाटणाची पाकिटं चेक-इन बॅगेत टाका, हँडबॅगेत ती द्रवात धरतात. बुआह क्लुआकच्या कच्च्या बिया मात्र कितीही मोह झाला तरी घेऊ नका. पुरून तयार झालेलं बी कोणतं हे बाहेरून ओळखायला सरावाचा डोळा लागतो.