भाडं मागता येईल का?

“घरात किंवा जागेत पैसे गुंतवायचे आहेत. सगळी माहिती जमवली आहे, पण पाऊल काही पुढे पडत नाही. आमच्यात काही कमी आहे का?” गेल्या काही वर्षांत हा प्रश्न माझ्यासमोर इतक्यांदा आला आहे की, तो विचारणारा माणूस खुर्चीत टेकायच्या आधीच मला ओळखू येतो. हातात फाइल असते, फोनमध्ये पाच-सहा तक्ते असतात आणि चेहऱ्यावर थोडी शरम असते. शरम याची की आपल्यामागून सुरुवात केलेले पुढे निघून गेले.

कुठली जागा घ्यावी हे मी सांगत नाही. ते माझं काम नाही आणि मला त्यातलं तेवढं कळतही नाही. पण माहिती असूनही पाऊल का अडतं, हा प्रश्न माझ्या, म्हणजे समुपदेशकाच्या, खोलीतला आहे. त्याचं एक उत्तर मला ज्या बाईंमुळे सापडलं, त्यांच्याविषयी लिहिते. त्यांची परवानगी आहे आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

त्या हिशेबाच्या कामात मुरलेल्या होत्या. अडीच वर्षं अभ्यास चालला होता. पहिल्याच भेटीत त्यांनी टेबलावर तक्ता पसरला. कर्जाचा व्याजदर अर्ध्या टक्क्याने वाढला तर काय, भाडं दर वर्षी अमुक इतकं वाढलं तर काय, दहाव्या वर्षी विकलं तर काय, सगळं त्यात होतं. मी तो मनापासून पाहिला, कारण काम खरंच नेटकं होतं.

“यातली किती घरं तुम्ही पाहून आलात?” मी विचारलं.

“प्रत्यक्ष?”

“हो, प्रत्यक्ष.”

“एकही नाही.”

पुढच्या दोन-तीन भेटी मी चुकीच्या रस्त्याने गेले, हे कबूल करते. मला वाटलं, ही नुकसानीची भीती आहे. मिळालेल्या शंभराच्या आनंदापेक्षा गेलेल्या शंभराचं दुःख मोठं असतं, हे काहनमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं. जागेच्या व्यवहारात तर ही भीती निराधारही नसते. घराची किंमत शंभर माना. वीस आपले, ऐंशी कर्जाचे. किंमत दहाने उतरली तर घर दहा टक्क्यांनीच उतरलं, पण आपल्या विसातले दहा गेले, म्हणजे निम्मे. शिवाय शेअर थोडे थोडे विकता येतात. अडचण आली म्हणून घराची एक भिंत विकता येत नाही. हे सगळं मी त्यांच्याशी बोलले. त्यांनी शांतपणे तक्त्यातली एक ओळ दाखवली. हा हिशेब त्यांनी कधीच करून ठेवला होता आणि तेवढं नुकसान सोसायची तयारीही होती. भाडं सहा महिने आलं नाही तर हप्ता कुठून भरायचा, तेही ठरलेलं होतं. मग अडलं होतं कुठे?

चौथ्या भेटीत मी म्हटलं, “आज तक्ता बाजूला ठेवू. मी घर विकणारी, तुम्ही घेणाऱ्या. मला सांगा की किंमत जास्त आहे.”

त्या हसल्या. मग सावरून बसल्या. “तुमचं घर छान आहे. किंमत थोडी... म्हणजे मला जरा...”

“किंमत योग्यच आहे. दुसरे लोक रांगेत आहेत,” मी ठसक्यात म्हणाले.

“ठीक आहे मग. तुम्ही म्हणता तर.”

अडीच वर्षांचा अभ्यास दहा सेकंदांत वाहून गेला. दोघीही हसलो. मी म्हटलं, “बरं, किंमत राहू द्या. मालकीचे कागद मागा. माझ्या नावावर घर आहे का, त्यावर कर्जाचा बोजा आहे का, हे तर बघायलाच हवं ना?”

आता त्या हसल्या नाहीत. टेबलावरच्या पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. मीही काही बोलले नाही. या कामात इतकी वर्षं घालवून एक गोष्ट मला बरी जमते: गप्प बसणं.

“मॅडम, माणूस समोर बसलेला असताना त्याच्याकडे कागद कसे मागायचे? त्याला वाटेल, मी त्याला चोर समजते.”

आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं: “म्हणजे मला भाडंही मागता येणार नाही.”

गाठ इथे होती. मग बाकीचं भराभर बाहेर आलं. मैत्रिणीला दिलेले पैसे चार वर्षं मागितले नव्हते. ऑफिसात दुसऱ्यांची कामं गळ्यात पडत होती. तक्त्यात धोक्याचे सगळे प्रकार होते, फक्त माणसं नव्हती. आणि जागेचा व्यवहार म्हणजे निम्म्याहून जास्त माणसंच: विकणारा, एजंट, वकील, प्लंबर, भाडेकरू. रात्री अकराला नळ फुटला की फोन तक्त्याला येत नाही.

आमच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार ओळखून बदलण्याच्या पद्धतीत, अशा वेळी आम्ही वाक्यातला हट्ट शोधतो. मराठीत हे काम एका अक्षराने सोपं होतं. मी त्यांना वाक्य लिहायला सांगितलं. त्यांनी लिहिलं: “समोरच्याने मला चांगलं म्हटलंच पाहिजे.” मी त्यातल्या ‘च’भोवती गोल काढला. “हे एक अक्षर काढून वाचा.” “समोरच्याने मला चांगलं म्हटलं पाहिजे.” “अजून अडतंय. ‘पाहिजे’ऐवजी ‘तर बरं’ लिहा.” समोरच्याने मला चांगलं म्हटलं तर बरं. त्यांनी ते तीनदा वाचलं. इच्छा तीच, पण मानेवरचा हात निघाला. हा ‘च’ मी आजवर पुष्कळांच्या वाक्यांत शोधला आहे. पण इतक्या स्वच्छ अक्षरात, हिशेबाच्या वहीतल्यासारखा लिहिलेला, पहिल्यांदाच पाहिला.

पण कागदावर ‘च’ खोडून भीती जात नाही. ही पद्धत ज्यांनी 1955 च्या सुमारास मांडली, त्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा किस्सा मी त्यांना सांगितला. तरुणपणी ते मुलींशी बोलायला कमालीचे बिचकत. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःला नेमून दिलं: न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की बोलायचं. त्यांनीच नंतर सांगितल्याप्रमाणे शंभरेक जणींशी बोलणं झालं, एक भेटायला तयार झाली आणि ती आलीच नाही.

“म्हणजे ते नापासच झाले की!”

“हिशेबाने, हो. पण नकार पचतो हे त्यांना कळलं. भीती तिथे संपली.”

मग आम्ही त्यांचं काम ठरवलं. बारा घरं पाहायची, घ्यायचं एकही नाही. एजंटला खोटं सांगायचं नाही. “आत्ता घ्यायचं ठरलेलं नाही, बाजार समजून घेते आहे” असं सरळ सांगायचं, म्हणजे कुणाचा वेळ फसवून घेतल्याची टोचणी नको. प्रत्येक घरात तीन गोष्टी विचारायच्या: मालकीचे कागद पाहायला मिळतील का, आधीचा भाडेकरू का गेला, किंमत कमी होईल का. आणि मिळालेले नकार वहीत तारखेसह लिहायचे. हिशेबी माणसाला वहीचं काम आवडतं.

पहिला एजंट ऐकूनच तिरसटला आणि फोन ठेवून दिला. दुसऱ्या घरातून त्या एकही प्रश्न न विचारता परतल्या आणि रात्री मला मोठा मेसेज आला. तिसऱ्या घरात मात्र कागदांचं विचारल्यावर वयस्कर मालक म्हणाले, “थांबा, झेरॉक्स काढूनच ठेवल्यात.” समोरच्याला चोर ठरवल्यासारखं वाटेल म्हणून जो प्रश्न अडीच वर्षं घशात अडला होता, त्याचं उत्तर एवढंच होतं. सातव्या घरात मालक टाळाटाळ करू लागला. खोदल्यावर कळलं की घरात भावाचाही हिस्सा आहे आणि त्याची संमती नाही. भिडेखातर गप्प राहिल्या असत्या तर काय झालं असतं, ते मला सांगावं लागलं नाही.

गंमत म्हणजे प्रश्न विचारल्यावर तक्ताही बदलला. वर्षाचे बारा महिने भाडं येईल असं त्यांनी धरलं होतं. घरोघरी विचारल्यावर कळलं की एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत घर रिकामं राहतं. वर्षाकाठी एक महिना जरी गेला तरी उत्पन्नातले आठ टक्क्यांहून जास्त गेले. मग डागडुजी, विमा, कर. भाडं आणि हातात उरणारं भाडं यांतला फरक त्यांना कुठल्या कार्यशाळेत नाही, एका वैतागलेल्या घरमालकिणीकडून कळला.

हे वाचून प्रत्येकाने आपल्यात भीड शोधू नये. काहींची भीती अगदी योग्य असते. नोकरी डळमळीत, शिल्लक शून्य आणि मित्राने घेतलं म्हणून घाई, अशा एका तरुणाला मी त्याच्या भीतीचे आभार मानायला लावले होते. काहींना माणसांशी ही रोजची घासाघीस नकोच असते, आणि तसं असणं हा दोष नाही. त्यांच्यासाठी अनेकांचे पैसे एकत्र करून जागांमध्ये गुंतवणारे रीटसारखे मार्ग आहेत. अमेरिकेत 1960 पासून त्यांना कायद्याचा आधार आहे, नंतर ते इतर देशांतही आले. तिथेही भाव वरखाली होतात, पण नळाचा फोन येत नाही. नवरा-बायकोत एकाला हवं आणि एकाला नको, तेव्हा आधी ते भांडण नीट भांडा. सहीच्या टेबलावर ते महागात पडतं. आणि ज्याला अडलं आहे, त्याने पुढची कार्यशाळा लावण्याआधी एकच करून पाहावं: आपल्याला विचारायला जड जाणारा प्रश्न कुठला, तो मोठ्याने म्हणून पाहावा. आकडेमोड करताना घसा कोरडा पडत नाही. पडत असेल तर तो कुणाचा तरी चेहरा आठवून.

बाईंनी बारा घरं पाहिली, मग आणखी नऊ. एका ठिकाणी सांगितलेल्या किमतीपेक्षा कमी बोलल्या, तर मालक सरळ नाही म्हणाला. “मी म्हटलं, ठीक आहे, विचार बदलला तर कळवा. आणि जिना उतरताना मला भूक लागली होती, मॅडम. एरवी असं काही झालं की दोन दिवस जेवण जात नाही.” नकाराच्या वहीत ती नोंद त्यांनी लाल शाईने केली आहे.

पुढे वकिलाकडून कागद तपासून घेऊन त्यांनी एक छोटं घर घेतलं. तिसऱ्या महिन्यात भाडं यायला उशीर झाला. चार दिवस वाट पाहून पाचव्या दिवशी त्यांनी भाडेकरूला दोन ओळींचा मेसेज लिहिला. शेवटी सवयीने हसरा चेहरा टाकला होता. पाठवण्याआधी तो खोडला, हे सांगायला त्यांनी मला मुद्दाम फोन केला.