ना फार कोवळे, ना फार जून

प्रश्न : जुन्या पाककृतींत आणि बागकामाच्या सूचनांत ‘फार कोवळे नको, फार जूनही नको’ असे वारंवार येते. ते ओळखावे कसे?

उत्तर : ही सूचना मोघम वाटली, तरी ती हाताला अचूक कळते, म्हणून मला ती मोलाची वाटते. भेंडीचे टोक वाकवताच कट्कन मोडले तर ती कोवळी. नुसतेच वाकले, तर आत धागे धरलेले असतात. दुधीच्या सालीत नख सहज रुतावे. गुलाबाच्या कलमाला मात्र अधिक पारख लागते : अगदी हिरवी, लुसलुशीत फांदी मुळे फुटण्याआधीच सुकते किंवा कुजते, तर जुनाट, लाकडासारखी झालेली फांदी मुळे धरायला फार वेळ लावते, म्हणून फूल नुकतेच येऊन गेलेली, साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडून ती डोळ्याच्या, म्हणजे फांदीवर कोंब फुटतो त्या जागेच्या, किंचित खाली तिरकी कापावी.