काल पाठवलेल्या फाइलला 'हॅड' कशाला?

'आय हॅड सेंट द फाइल यस्टरडे' या वाक्यावर साहेबांनी लाल रेघ मारली, कारण मात्र सांगितलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं माझ्याही चांगल्या ओळखीचं.

'अहो, कालच पाठवली होती' असं आपण सहज म्हणतो, आणि तो 'होती' उचलून इंग्रजीत 'हॅड' करतो. पण इंग्रजीतल्या 'हॅड'ला नंतर घडलेली, भूतकाळातलीच दुसरी गोष्ट लागते: 'आय हॅड सेंट द फाइल बिफोर यू कॉल्ड'. ती आधीच्या वाक्यात आली असली तरी भागतं. कुठेच नसेल तर सरळ 'आय सेंट द फाइल यस्टरडे'.

घाईत 'हॅड'चं 'हॅव' करू नका. 'यस्टरडे', 'लास्ट वीक', 'टू डेज अगो', 'इन २०१९' अशी संपलेली वेळ सांगितली की 'हॅव सेंट' बसत नाही. वेळ काढून टाका, मग 'आय हॅव सेंट द फाइल' बिनधास्त लिहा.

सगळ्यात महागात पडतो तो क्लासवाल्यांचा तक्ता. नाव घेत नाही, पण 'फॉर दिसला की हॅव' हे पाठ करून घेण्याचे पैसे घेतात! 'आय वर्क्ड इन नाशिक फॉर फाइव्ह इयर्स' हे अगदी शुद्ध आहे. नोकरी सुटली एवढाच अर्थ. तिथे तक्त्याप्रमाणे 'हॅव वर्क्ड' लिहिलंत तर बायोडेटा वाचणारा समजणार, स्वारी अजून नाशिकलाच. 'सिन्स २०१९ टू २०२२' हेही त्याच तक्त्याचं पिल्लू. दोन्ही टोकं सांगायची तर 'फ्रॉम', आणि क्रियापद साधं भूतकाळी.

'धिस मॉर्निंग'चं घड्याळावर ठरतं. सकाळी दहाला 'हॅव यू कॉल्ड हिम धिस मॉर्निंग?' ठीक, दुपारी चारला 'डिड यू कॉल'.

हे सगळं ऑफिसच्या मेलपुरतं हं. परीक्षेत पुस्तकाप्रमाणेच लिहा. अमेरिकन माणूस 'आय ऑलरेडी सेंट इट' म्हणाला तर त्याला सुधारायला जाऊ नका, त्यांच्याकडे ते चालतं.

आणि मेल पाठवण्याआधी कंट्रोल-एफ दाबून 'हॅड' शोधा. 'हॅड अ मीटिंग'मधला सोडून द्या, तो मुख्य क्रियापद आहे. बाकी 'हॅड सेंट'सारख्या प्रत्येक 'हॅड'ची दुसरी घटना दाखवता येत नसेल तर तिथे साधा भूतकाळ लिहा.