भोर-महाड रस्ता आणि कावळ्या किल्ला

प्रश्न : वरंधा घाटाचा रस्ता किल्ला फोडून काढला, हे खरे काय?

उत्तर : होय. भोरहून नीरा देवघर जलाशयाच्या कडेने हिर्डोशी खोऱ्यातून हा रस्ता घाटमाथ्यावर येतो आणि माझेरी, वरंध, बिरवाडी या गावांवरून महाडला उतरतो. देश-कोकण वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या कावळ्या किल्ल्याचा डोंगर रस्त्यासाठी मधोमध फोडल्याने गडाचे दोन तुकडे झाले. वाघजाईच्या देवळापाशी भजी खायला थांबणाऱ्यांपैकी फार थोड्यांना आपण गडाच्या कुशीत उभे आहोत याची कल्पना असते. तेथेच कातळात जुनी पाण्याची टाकी आहेत. अर्थात घाटवाट रस्त्याहून कितीतरी पुरातन आहे. पावसाळ्यात मात्र दरडींमुळे घाट अनेकदा बंद ठेवतात, तेव्हा चौकशी करूनच निघावे.