पत्रं, फोटो आणि मुलाखती: अमेरिकन युद्धेतिहासाची सुरुवात कुठून करावी

सैनिकांची पत्रं, फोटो आणि मुलाखती यांतून अमेरिकन युद्धांचा इतिहास समजून घ्यायचा, हा विषय छान निवडलात. फक्त सगळी युद्धं एकदम हाती घेऊ नका. एकच युद्ध, शक्यतो एकच तुकडी धरा आणि पत्रं तारखेच्या क्रमाने वाचा. मी अमेरिकेतल्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधलं गृहयुद्ध (१८६१-६५) सुचवेन. तेव्हा सैनिकांच्या पत्रांवर सरसकट सेन्सॉर नव्हता, त्यामुळे बिस्किटातल्या अळ्यांपासून अधिकाऱ्यांवरच्या रागापर्यंत सगळं मोकळेपणाने येतं. दुसऱ्या महायुद्धातली पत्रं अधिकारी आधी वाचत. तिथे एखादी गोष्ट लिहिलेली नाही म्हणजे ती घडलीच नाही, असं धरू नका.

फोटोवर डोळे झाकून विश्वास ठेवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. जुलै १८६३, गृहयुद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर: छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरच्या चमूने दगडी आडोशामागे पडलेल्या मृत नेमबाजाचा फोटो काढला. तोच मृतदेह आधी दुसऱ्या जागीही टिपलेला आहे, म्हणजे तो उचलून तिथे मांडला होता. फोटो कोणी, कधी, कशासाठी काढला ते आधी बघा.

मुलाखती अर्थात गृहयुद्धानंतरच्या युद्धांच्याच मिळतील; त्यांच्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ हा माजी सैनिकांच्या आठवणींचा संग्रह आहे. बऱ्याचशा घरबसल्या फुकट ऐकता येतात. आठवणीत तारखा आणि गावांची नावं सरकतात, ती तुकडीच्या नोंदींशी ताडून घ्या. थंडी, भूक, भीती मात्र या मुलाखतींत जितकी कळेल तितकी कुठल्या अहवालात कळणार नाही.